मागून बंद

दसऱ्यानंतर कधीतरी कवडीची पाठ उघडी दिसली.
आधी बोटभर, मग तळहाताएवढी.
गुलाबी कातडी, तिच्यात काळे ठिपके,
मोडून आत राहिलेल्या पिसांच्या खुंट्या.

जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यातले खदीरभाई म्हणाले,
या दिवसांत झडतातच, घाबरू नका,
जुना कपडा टाकते कोंबडी, नवा शिवते.
मी शिवणारी बाई, मला पटलं.
शेंगदाण्याची पेंड, भिजवलेली ज्वारी,
टरफलं भाजून, कुटून, महिनाभर घातली.
तांबडीची मान भरून आली, मास्तरणीची शेपूट.
कवडीची पाठ तशीच.

राखंत लोळू दे, पिसवा असतील,
प्रयागबाई त्यांच्या ओट्यावरून.
राख झाली. कडुलिंबाचं पाणी झालं.
हळद लावली तर बाकीच्या सातजणी
पिवळं काय म्हणून टोचायला आल्या.

मग एका दुपारी हुक लावता लावता मान वर केली.
गिरिराज, योजनेतून मिळालेला, चार किलोचा,
तिच्यावर चढलेला. नखं पाठीत, चोच मानेत.
तीन टाके घालायला लागतो तेवढा वेळ.
उतरला, पंख झटकले, दाणे टिपायला लागला.
कवडीनं अंग झाडलं
आणि तीही दाणे टिपायला लागली.

आठ आहेत, पण त्याला हीच लागते.
ही पळत नाही, दबून बसते.
आवडती हाय त्याची, प्रयागबाई हसल्या.

मी दोरा दातानं तोडला.

बावीस वर्षं पाठी मोजतेय.
कुणाची वाकली, कुणाची भरली,
घरच्यांच्या आधी माझ्या टेपला कळतं.
गळे मागून खाली खाली उतरले,
नाड्या आल्या, लटकन आले,
फक्त द्वारका दर वेळी एकच सांगते,
मागून बंद, अक्का. पार मानेपर्यंत.
चैत्र आहे, उकडेल की गं.
उकडू दे.
टेप टेकला की तिचं अंग दचकतं.
नऊ वर्षं मी विचारलेलं नाही.
वीतभर कापड जास्त लागेल,
एवढंच सांगत आले.

तर मी कवडीचं माप घेतलं.
मानेपासून शेपटीपर्यंत एक वीत दोन बोटं.
द्वारकाच्याच झंपरातली उरलेली जांभळी चिंधी,
अस्तर दुहेरी, पंखांखालून इलॅस्टिक.
पोरं गल्लीभर ओरडत गेली, कोंबडीला झंपर, कोंबडीला झंपर.
खदीरभाईंनी येऊन फोटो काढला.

गिरिराज तीन दिवस घसरून पडत राहिला.
चौथ्या दिवशी तांबडीकडे वळला.
मी दुसरी चिंधी हातात घेतली होती, खरं सांगते,
कात्रीही लावली होती.
मग कात्री ठेवली, डालगं उचललं
आणि त्यालाच खाली घातला.

द्वारका झंपर न्यायला आली ती संध्याकाळची.
कवडीला बघून आधी हसली.
मग रंग ओळखला.
माझंच ना हे?
तुझंच.
आत काय झालंय तिला?
सोलली होती. भरतेय आता.

तिनं उकिडवं बसून कापडाची कड उचलली,
एक बोट आत घातलं.
टोचतंय की.
कोवळी आहेत. अजून उमलायचीत.

डालग्यात कोंबडा अवेळीच आरवला.
दोघींनी तिकडे बघितलं, मग एकमेकींकडे नाही बघितलं.
चहा ठेवते, मी म्हणाले.
एरवी ती चपलाही काढत नाही,
घरी वाट बघतात म्हणते.
आज बोट तसंच पिसांत ठेवून बसून राहिली.

मी टेप गळ्यातून काढला,
मशीनवर ठेवला,
आणि दाराला आतून कडी घातली.